फेरनमुना

हे मी बायकोला सांगितलं न्हाई. भावाला न्हाई, पोराला न्हाई. विहारात डोळे मिटून बसतो, तिथं मनातल्या मनात तरी म्हणावं की न्हाई माणसानं? तिथंसुद्धा म्हणलो न्हाई. तुम्हाला सांगून राह्यलो ते तुम्ही मला ओळखत न्हाई म्हणून. आणि ओळखत असाल, तर ओळखा. माझी काही हरकत न्हाई आता.

मी जालन्यात पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत लिपिक होतो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला, आणि एकामागून एक उठून लोक बोलले — यांच्यासारखा मसुदा लिहिणारा माणूस पुन्हा होणे न्हाई. टाळ्या वाजल्या. मी हात जोडून बसलो होतो. त्या टाळ्यांचा मला आजही इतका संताप येतो, की ती शाल मी कपाटातून काढून मोलकरणीला देऊन टाकली. तिनं काय पाप केलं होतं, कोण जाणे.

कसला मसुदा, ते सांगतो. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तरं देतात — हे तुम्ही पेपरात वाचता. तुम्हाला काय वाटतं, ते उत्तर मंत्री लिहितो? मंत्र्याला आमच्या तालुक्यातला हातपंप माहीत असतो? प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात येतो, तिथून विभागात, तिथून जिल्ह्याला, आणि घरंगळत घरंगळत माझ्या टेबलावर. वर लाल शाईत लिहिलेलं — अत्यंत तातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न, आजच्या आज माहिती सादर करावी. आम्ही त्याला एलएक्यू म्हणायचो. मी लिहायचो, साहेब सही करायचे, आणि तेच वाक्य उलट्या वाटेनं चढत चढत मंत्र्याच्या नावावर छापलं जायचं. म्हणजे बोलायचो मी. तोंड फक्त त्यांचं.

आता यातली गोम ऐका. प्रश्नाचे भाग असतात. पहिला भाग — अमुक गावात दूषित पाणी प्यावे लागत आहे, हे खरे आहे काय? दुसरा — असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा — चौकशीत काय आढळून आले? चौथा — काय कारवाई केली? पाचवा — नसल्यास, विलंबाची कारणे काय? पहिल्या भागाला ‘हे खरे आहे’ लिहिलं, तर मेलात. मंग चौकशी करा, पंचनामा करा, कारखान्याला पत्र, वरच्या कचेरीला पत्र, कारवाई का न्हाई केली त्याचा खुलासा, आणि सभागृहात आश्वासन दिलं गेलं तर पुढं वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा. पण पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ लिहिलं, की खालच्या चारही भागांना एकच उत्तर — प्रश्न उद्भवत नाही. दहा मिनिटांत कागद वर. चहा प्यायला मोकळे.

मी त्यात वस्ताद होतो. नवीन साहेब आला की जुना त्याला सांगून जायचा — एलएक्यू आला की ह्याच्या टेबलावर टाका आणि बिनघोर राहा, ह्याचं उत्तर परत येत न्हाई. आणि खरंच, माझं एकही उत्तर कधी परत आलं न्हाई. मला त्याचा अभिमान होता. अभिमान! माणसाला कशाकशाचा अभिमान वाटू शकतो, बघा.

पण हे सगळं मी लांबण लावून राह्यलो. मुद्द्यावर यायला जीभ वळत न्हाई.

सुमनताई. नाव बदललंय. गावाचं नाव सांगत न्हाई, नुसतं वाडी म्हणतो. लोखंडाच्या सळया पाडणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, कच्च्या रस्त्यानं गेलं की लागते. ती तिथली अंगणवाडी सेविका. माझ्याच वयाची असंल, पण मला दादा म्हणायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं, त्या कचेरीत आपला माणूस आहे. आपला म्हणजे आपल्या समाजाचा. ती पहिल्यांदा आल्ती तेव्हा दारातूनच जय भीम केला, आणि माझ्याकडं असं बघितलं, की आता काम झालंच.

तिची तक्रार साधी होती. वाडीला एकच बोअर. मागं एक नवीन कारखाना झाला, त्याचं तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, पाणी उघड्या नालीतून बोअरच्या बाजूनं जातं. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं, पण तोंडात घेतलं की खिळा चोखल्यासारखं लागतं. खिचडीचा भात पिवळा पडतो. पोरं उलट्या करतात. तर तिनं स्वतःच्या मनानं बोअरचं पाणी बंद केलं होतं, आणि एका शेतातल्या विहिरीवरून ती आणि मदतनीस बाई डोक्यावर घागरी आणून पोरांची खिचडी शिजवत होत्या. रोज. वाडीतल्या बायांनाही तिनंच पटवलं होतं, की प्यायला विहिरीचं आणा. लांब पडतं म्हणून बाया कुरकुरायच्या, पण तिचं ऐकायच्या. तिचं म्हणणं एवढंच — सरकारनं पाणी तपासावं, खराब असंल तर दुसरी सोय करावी.

मी अर्ज घेतला. शिक्का मारून पोच दिली. अर्ज फायलीत घातला. झालं. ती तीनदा आली, मी तीनदा ‘बघून राह्यलो ताई’ म्हणलो. काय बघून राह्यलो होतो मी? डोंबल.

चौथ्यांदा ती माझ्याकडं आली न्हाई, आमदाराकडं गेली. आणि आमदारानं — का कुणास ठाऊक, निवडणूक जवळ होती म्हणा की खरंच कळवळा आला म्हणा — प्रश्न टाकला. पाच भागांचा, वाडीच्या नावासकट. तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला.

आता मात्र पाणी तपासणं भाग होतं. गावच्या माणसानं बोअरचं पाणी कॅनमधे भरून आणलं, लॅबला गेलं, आणि कागद आला — पिण्यास अयोग्य. माझ्या हातात होता तो कागद. मी वाचला. साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, फेरनमुना घेऊन टाका. आणि या वेळी बराबर घ्या.

एवढंच. खोटं कर, असं ते म्हणले न्हाईत. असलं कुणीच कधी म्हणत न्हाई, आणि हीच तर हरामखोरी आहे सगळी! ते म्हणतात बराबर, आणि आपल्याला समजतं. मला समजलं. मी विचारलं का, साहेब, बराबर म्हणजे काय? न्हाई विचारलं. मान हलवली.

जीप साहेब घेऊन गेले वडीगोद्रीकडं, कसलीतरी पाहणी होती. वाडीला जायचं तर मला स्वतःची दुचाकी काढून, ऊन डोक्यावर घेऊन जावं लागलं असतं. आणि त्या दिवशी परतूरला माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. दुपारची रेल्वे गाठायची होती. कारण विचाराल तर हेच. कुणी धमकी दिली न्हाई, कुणी पाकीट दिलं न्हाई, माझी नोकरी जाणार नव्हती, घरी कुणी आजारी नव्हतं. साखरपुड्याला उशीर झाला असता. बस.

कचेरीच्या कोपऱ्यात प्यायच्या पाण्याचा जार होता, रोज सकाळी टेम्पोवाला आणून ठेवायचा तो. गार, गोड, फिल्टरचं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्ते. मी रिकामी कॅन घेतली आणि जारच्या तोटीखाली धरली. नियम असा आहे, की ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं कॅन आधी दोनदा खळबळून घ्यायची. मी खळबळून घेतली. दोनदा. नियम पाळला मी, हो! मंग काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली. गाव — वाडी. स्रोत — बोअर. नमुना घेणाऱ्याची सही — माझी. कॅन लॅबला पोचती केली आणि रेल्वेत बसलो. खिडकीची जागा मिळाली. साखरपुड्यात दोनदा जेवलो.

दोन दिवसांनी लॅबमधल्या माणसाचा फोन आला. हसून राह्यला होता. म्हणला, हे कुठल्या बोअरचं पाणी हो? आम्हालाही एक कॅन पाठवा की. जालन्यात एवढं गोड पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यालाही समजलं होतं. तोही हसला, मीही हसलो, आणि त्यानं कागद पाठवला — पिण्यास योग्य. पहिला कागद मी फायलीत तळाला सरकवला. आणि लिहिलं — हे खरे नाही. सदर स्रोताचे पाणी तपासणीअंती पिण्यास योग्य आढळून आले आहे. दोन, तीन, चार, पाच — प्रश्न उद्भवत नाही.

नागपूरच्या अधिवेशनात ते छापलं गेलं. सभागृहात त्या प्रश्नाची पाळीसुद्धा आली न्हाई. आधीच्याच प्रश्नांवर दोन्ही बाजू बोंबलत बसल्या आणि वेळ संपला. आमदारानं छापील उत्तर वाचलं, लॅबच्या कागदाची प्रत मागवून घेतली, आणि दोन्ही कागद वाडीला पाठवून दिले. राग आलाच असंल त्याला. सुमनताईचा. तोंडघशी पाडलं म्हणून.

इथं थांबता आलं असतं. तुम्हीही म्हणाल, असलं तर सगळीकडं चालतं. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत माझ्यासारखे बसलेत आणि खाली मान घालून ‘हे खरे नाही’ लिहून राह्यलेत. पण मला सगळ्यांचं सांगायचं न्हाई. आणि मला नुसत्या त्या कॅनचंही सांगायचं न्हाई. कॅनबद्दल मी लाजेनं मरत न्हाई. मरतो ते पुढच्यानं.

पंधरा-वीस दिवसांनी सुमनताई कचेरीत आली. लांबून दिसली तेव्हा मी समोरची फाईल उघडून तिच्यात डोकं घातलं. मला वाटलं, भांडायला आली. चार माणसांत गचांडी धरील, म्हणील — खोटारड्या, कुठलं पाणी तपासलंस तू? आली असती तशी, तर फार बरं झालं असतं. मी काय केलं असतं, सांगता येत न्हाई, पण निदान त्या कचेरीत एक तरी माणूस खरं बोललं असतं.

ती भांडायला आली नव्हती. खुर्चीच्या कडेला बसली, पिशवीतून लॅबच्या कागदाची प्रत काढली, नीट घडी उलगडून माझ्यापुढं ठेवली. आणि म्हणाली —

“दादा, सरकारी तपासणी चांगली आली. मंग खोट माझ्याच जिभंत असंल. कालपासून पोरांना बोअरचंच पाणी सुरू केलं. बाया भेत व्हत्या, म्हणून पहिला गिलास मी पेले, सगळ्यांसमोर.”

तुम्हाला कळतंय का, मी काय म्हणून राह्यलो? तिची जीभ खरी होती. तिच्या पोरांच्या उलट्या खऱ्या होत्या. भाताचा पिवळा रंग तिनं रोज डोळ्यानं पाहिला होता. आणि तिनं ते सगळं खोटं ठरवलं, का तर कागदावर शिक्का होता. आमच्या लोकांना कागदाचं काय आहे, ते तुम्हाला सांगू? आमच्या घरांत शिकलेल्या माणसाच्या सहीला देव्हाऱ्याइतका मान. तिच्या बापानं तिला शिकवलं असंल — लिहिलेलं वाचायला शीक, लिहिलेलंच खरं. आणि त्या कागदावर ‘नमुना घेणारा’ म्हणून नाव कुणाचं होतं? आपल्या माणसाची. दादाची.

तेव्हा सांगता आलं असतं. कचेरीत आम्ही दोघंच होतो त्या टेबलाशी. साहेब रजेवर. तीन शब्द पुरले असते — ताई, पाजू नका. कशाला, का, हे सांगायचीही गरज नव्हती, तिनं ऐकलं असतं माझं.

मी म्हणालो, “बरं केलं.”

हे मी बोललो. ह्या तोंडानं. माझी जीभ तेव्हा झडली न्हाई.

पुढं पावणेदोन वर्षं ती वाडी ते पाणी पीत होती. मला मधून मधून कळायचं. पोरांना जुलाब, अंगावर फोड. नर्सबाई गोळ्या द्यायची. सुमनताईनं त्याचा दोष कशाला दिला, सांगू? पोरांच्या घाणेरड्या हातांना. जेवणाआधी हात धुवा म्हणून ती पोरांना दटावायची, एकेकाचे हात स्वतः चोळून धुवायची — त्याच बोअरच्या पाण्यानं. एका वर्गाची पोरं त्या पाण्यावर मोठी होऊन पहिलीत गेली. कुणाच्या पोटात काय राहिलं, ते मला माहीत न्हाई. मी कधी विचारलं न्हाई. भित्रा माणूस विचारत नसतो.

मंग नवीन साहेब आले, बाई होत्या. पोरांचे जुलाब, फोड आमदाराच्या कानावर गेले, त्यानं पुन्हा प्रश्न टाकला, बाई स्वतः वाडीला गेल्या, समोर उभं राहून कॅन भरून घेतली. या वेळी उत्तर गेलं — हे अंशतः खरे आहे. टँकर सुरू झाला, पुढं नळ आला. आणि वाडीतल्या बैठकीत कारखान्याच्या माणसानं माझाच कागद काढून दाखवला, की बघा, आमचा कारखाना चालू असताना पाणी चांगलं होतं, सरकारी अहवाल आहे, खराब झालं ते नंतर, दुसऱ्याच कशानं तरी. लोक खवळले. तर सुमनताई उठून म्हणाली, त्यांचं एवढं खरं आहे, तेव्हाचा कागद माझ्याकडंही आहे. प्रामाणिक बाई. माझ्या खोट्याची साक्ष ती देऊन आली, आणि गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. आजही काही घरं तिच्याशी बोलत न्हाईत. आता तिचं वय झालं, ती सेवेतून निघाली, तरी न्हाई बोलत.

मी त्या बैठकीत होतो. बाईंच्या मागं, वही घेऊन. इतिवृत्त लिहून राह्यलो होतो. तिचं म्हणणं मी शब्दशः लिहून घेतलं.

अजून एक राहिलं. ते मी वर मुद्दाम गाळलं. ‘बरं केलं’ म्हणालो आणि ती उठून गेली, असं तुम्हाला वाटलं असंल. ती उठली न्हाई. तिचं काम अजून राहिलं होतं, ज्यासाठी ती आल्ती.

तिला तिच्या खात्याची नोटीस आल्ती. खोटी तक्रार करून शासनाची दिशाभूल केली, सेवेतून का काढू नये, दोन दिवसांत लेखी खुलासा करा. असला कागद तिला लिहिता येईना. कसं लिहावं, कुठून सुरू करावं? म्हणून ती माझ्याकडं आली, की दादा, तुमच्यासारखं कुणाला लिहिता येतं, तुम्हीच लिहून द्या. नोकरी गेली तर घर कसं चालवू?

मी कोरा कागद घेतला. पेन उघडलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतका चांगला मसुदा लिहिला न्हाई. लिहिलं — मी खाली सही करणारी, लेखी कबुली देते की, सदर पाण्याबाबत मी केलेली तक्रार वस्तुस्थितीला धरून नव्हती. माझ्याकडून झालेल्या चुकीमुळे शासनास व लोकप्रतिनिधींना नाहक त्रास झाला. माझी चूक मला मान्य असून, मी मनापासून क्षमा मागते. पुन्हा असे होणार नाही.

तिला वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत होती. ‘क्षमा मागते’ आलं तेव्हा तिचे डोळे भरले. पदरानं पुसले तिनं. मंग विचारलं, “हे बराबर हाय न दादा?”

मी म्हणालो, बराबर आहे. कागद तिच्याकडं फिरवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं, आणि तिनं माझ्या बोटाच्या खाली सावकाश, एकेक अक्षर नीट काढून, आपलं पूर्ण नाव लिहिलं.